नऊ वितींची भिंत

८ जानेवारी

स्टोव्ह,

आधीच सांगते, पत्र बघून उड्या मारू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय.

मला एक पलंग हवाय. तू ज्या कारखान्यात लागलायस तिथे घराच्या मापाने फर्निचर बनवून देतात, असं तूच मागे लिहिलं होतंस. माझ्या खोलीत खिडकीखाली दोन भिंतींच्या मधे एक खाच आहे. पलंग तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चपखल बसला पाहिजे. फरशी गुळगुळीत आहे, तो सरकता कामा नये. एका माणसाचा. उंची नेहमीपेक्षा जरा जास्त, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार नको. आणि डोक्याकडे, एका बाजूला, धरायला एक मजबूत दांडा.

फोन करायचा नाही. अट आठवते ना? फोनवर तू स्टोव्हसारखा भडकतोस आणि ओरडतोस, कागदावर ओरडता येत नाही. आणि माप घ्यायला स्वतः यायचं नाही. मी कामावरून उशिरा येते, घरात पसारा असतो. काय काय मोजायचं ते लिही, मी मोजून कळवते.

खोकला गेला का?

तपासनीस

१४ जानेवारी

तपासनीसबाई,

उड्या मारल्या. तीन. तिसरी आमच्या मिस्त्रींनी पाहिली. म्हणाले, "लॉटरी लागली का रे?" म्हटलं, नाही, ऑर्डर लागली.

खोकला गेला होता, तुझं अक्षर बघून परत आला. चार महिने झाले, बाई! आणि लिहिलंस काय, तर पलंग. पण चालेल. तू मला खिळा आणायला सांगितलास तरी मी वाजतगाजत आणीन.

माझं काम आता मापं घ्यायचं आहे. गिऱ्हाइकानं सोफा पसंत केला की मी टेप घेऊन त्याच्या घरी जातो. तुला गंमत सांगतो, माणूस स्वतःच्या घराचं माप कधी खरं सांगत नाही. प्रत्येकाची खोली तोंडी दोन फूट मोठी असते. परवा एका नवरा-बायकोनं अवाढव्य कपाट आधीच घेऊन ठेवलं होतं, ते खोलीत मावत होतं पण जिन्यात वळत नव्हतं. तो म्हणे तू घाई केलीस, ती म्हणे तुझा जिना अरुंद. कपाट मधल्या पायरीवर, आणि शेजारी त्याच्या पोटाखालून ये-जा करतायत. मिस्त्रींचा नियम आहे : आधी जिना मोज, मग दार, मग खोली, आणि गिऱ्हाइकाचं तोंड सगळ्यात शेवटी.

तर तुझ्या जिन्याची आणि दाराची काळजी नको, पलंग सुटा करून पाठवतो, चार बोल्ट आवळले की झाला. फक्त भिंतीची लांबी कळव. पण एक हट्ट आहे. टेप वापरू नकोस. तुझ्या वितीनं मोज. आठवतं, कॉलेजच्या वाचनालयात मी तुझा पंजा बाकावर पसरून पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या? पावणेआठ इंच. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. दोन वर्षं झाली, अजून मी डोळे मिटून हवेत पावणेआठ इंच दाखवू शकतो, टेप लावून बघावं कुणीही. तू किती विती ते सांग, बाकीचं माझ्याकडे लागलं.

दांडा कशाला गं? झोपेत पडतेस की काय?

तुझाच
स्टोव्ह

५ फेब्रुवारी

स्टोव्ह,

उत्तराला उशीर झाला. मोजायला वेळ लागला.

नऊ विती. बरोब्बर नऊ. रुंदी तीन फूट ठेव.

दांडा मला हवाय म्हणून. गिऱ्हाइकाला फार प्रश्न विचारू नयेत हा मिस्त्रींचा नियम नाही का?

आज मन बरं आहे. का ते विचारू नकोस, पण बरं आहे.

तपासनीस

११ फेब्रुवारी

तपासनीसबाई,

नऊ विती मोजायला तीन आठवडे? त्या वेळात लोक आख्खं घर बांधतात. असो. मन बरं आहे म्हणालीस, एवढ्यावर मी चार दिवस शिट्ट्या वाजवतोय.

नऊ गुणिले पावणेआठ, म्हणजे पाच फूट पावणेदहा इंच. मिस्त्री माझ्या अंगावर आले. "पलंग सव्वासहा फुटांचा असतो. हे पाळण्याचं माप कुठनं आणलंस?" म्हटलं, भिंतच तेवढी आहे. "कुणी मोजली? तू गेलेलास?" मी नाही गेलो म्हटल्यावर म्हणाले, "न बघितलेल्या भिंतीचा पलंग मी बनवत नाही." मग मी पण तापलो. म्हटलं, तिचा हात मला पाठ आहे, तुमच्या टेपवर माझा नसेल एवढा विश्वास तिच्या हातावर आहे! सगळा कारखाना थांबून बघायला लागला. रंधावाला तर रंधा हातात धरून हसत होता. मिस्त्री शेवटी म्हणाले, "मग तूच बनव. माझं नाव त्यावर नको."

म्हणून मीच बनवतोय. सुट्टीच्या दिवशी. एकेक कड मी गालाला लावून बघतो, कुठे टोचत तर नाही. तू खांद्यापर्यंत येतेस माझ्या, तुला पाच फूट दहा ऐसपैस होईल. पाय ताणलेस तरी बोटं लाकडाला लागायची नाहीत.

खरं सांगू? एका माणसाचा म्हणालीस ते मला बोचलं. पण मी समजतो. आत्ता एकाचा. रुंदी काय, नंतर वाढवता येते. मी खालच्या चौकटीला आधीच भोकं पाडून ठेवलीयत.

मी टेम्पोबरोबर येऊ? बोल्ट आवळायला? आवळतो आणि जातो. पाणीसुद्धा मागणार नाही.

तुझाच
स्टोव्ह

१६ फेब्रुवारी

नको. टेम्पोवाल्याकडे पाठव. खाली उतरवून ठेवू दे, समोरच्या वहिनींचा भाऊ वर आणून जोडून देईल.

भोकं बुजव.

त.

३ मार्च

स्टोव्ह,

पलंग आला. सुंदर झालाय. वहिनी हात फिरवून म्हणाल्या, "कुणी केलाय? लोण्यासारखा झालाय." मी म्हटलं, एक ओळखीचा आहे. दांडा पक्का आहे. भोकं तू बुजवली नाहीस, ते मी पाहिलं.

लांबीत थोडी फट राहिली आहे. वहिनींच्या टेपनं मोजली, सव्वाअकरा इंच. मी तिथे ट्रंक उभी करून बसवली, आता सरकत नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

तुला काय द्यायचं ते कळव. आणि नीट जेवत जा.

तपासनीस

७ मार्च

बाई,

मनाला लावून घेऊ नको म्हणतेस.

मी भागाकार केला. कॉलेज सोडलं असलं तरी तेवढा येतो. माझा पलंग पाच फूट पावणेदहा. म्हणजे पावणेसत्तर इंच. त्यात तुझी सव्वाअकराची फट. एकूण एक्क्याऐंशी. भागिले नऊ.

नऊ इंचांची वीत, बाई.

तुझी नाही ती. माझीसुद्धा साडेआठ आहे. मिस्त्रींची मोजली, पावणेनऊ. कारखान्यात सगळ्यांचे हात मोजले, लोकांना वाटलं मला वेड लागलं. नऊ फक्त त्या उंचाड्या रंगाऱ्याची भरली. हा पुरुषाचा हात आहे. तुझ्या खोलीत, तुझ्या खिडकीखाली, एक पुरुष भिंतीला हात लावून मोजत होता, आणि तू बाजूला उभी राहून आकडा लिहून घेतलास. आणि मला कळवलास! माझ्याकडूनच पलंग! तरीच यायचं नाही. तरीच पसारा. तरीच "आज मन बरं आहे."

आणि मी गाढव गालाला कडा लावत बसलो.

तुझ्यासाठी कॉलेजवर लाथ मारली. हेडनं तुझ्या ड्रॉइंगला चोरी म्हटलं तेव्हा सगळा वर्ग खाली मान घालून बसला होता. कोण उठलं? कुणी शीट खिडकीतून भिरकावली? तुझ्या बाबांनी मला जिन्यात उभं करून "ज्याला कॉलेज पुरं करता आलं नाही तो संसार काय पुरा करणार" म्हटलं, ते ऐकून घेतलं कुणी? बरं, ऐकून नाही घेतलं, उलट बोललो. पण कुणासाठी?

त्या माणसाला सांग, पलंगाचा दांडा पक्का आहे. धरून बसायला.

स्टोव्ह

२१ मार्च

बाई,

दोन आठवडे झाले. उत्तर नाही.

मी ते पत्र पेटीत टाकल्यावर तिथेच उभा राहिलो होतो. पेटी उघडायला माणूस आला तेव्हा म्हटलं, एक परत द्या. तो म्हणाला, एकदा टाकलं की ते तुमचं नाही.

रागाव. शिव्या दे. पण लिही. कुणाचा हात ते नको सांगूस हवं तर. तुझा हात कसा आहे एवढंच लिही.

२९ मार्च

स्टोव्ह,

ओरडता येत नाही म्हणून कागद निवडला होता. तू कागदावरही ओरडतोस हे आता कळलं.

तो हात बाबांचा आहे.

ऑक्टोबरात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आई गेल्यापासून एकटेच होते. मी त्यांना इथे घेऊन आले. एका खोलीत आम्ही दोघं. डॉक्टर म्हणाले, भिंतीवर पंजा पसरायचा, रोज, बोटं उघडतील. ज्या दिवशी तुझं वितीचं पत्र आलं, मी ते वाचून खिडकीखाली हात लावायला गेले, तर खुर्चीतून आवाज आला, "मी." मी त्यांना धरून उभं केलं. पहिल्या दिवशी सोळा विती भरल्या, चिमुकल्या, बोटं मुठीत वळलेली. आठवड्यानं बारा. रोज तीच भिंत. ज्या दिवशी नऊ भरल्या त्या दिवशी करंगळी पूर्ण उघडली होती. ते भिंतीकडे बघून हसले, अर्ध्या तोंडानं. मी तोच आकडा तुला कळवला. इतका आवडला होता मला तो आकडा, की ती वीत माझी नाही हे लक्षातच आलं नाही. तपासनीस म्हणे!

पलंग त्यांचा आहे. ते तुझ्याएवढे उंच. पाय मुडपून झोपतात, पण झोपतात. मी खाली झोपते.

तुला का नाही सांगितलं? त्या जिन्यात तू काय म्हणाला होतास आठव. "तुमच्या दारात परत उभा राहिलो तर बापाचं नाव लावणार नाही." त्यांच्यासाठी पलंग बनव म्हटलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. किंवा हो म्हणाला असतास, आणि जन्मभर ऐकवलं असतंस, जसं कॉलेजचं ऐकवतोस. शीट तू भिरकावलीस. दुसऱ्या दिवशी पावसात भिजलेली ती शीट मी उचलली, परत काढली, हेडना दाखवली आणि पास झाले. मला तू तिथे बसायला हवा होतास रे, शेजारच्या बाकावर. उठायला कुणी सांगितलं होतं?

आणि दुसरं. तू भोकं पाडून ठेवलीस. इथे खरंच जागा नाही. हे मी तुला टाळायला लिहीत नाही. टाळायचं असतं तर तुझ्याकडून पलंग मागवला नसता. बाजारात तयार मिळतात.

माझा हात बरा आहे.

तपासनीस

२ एप्रिल

बाई,

तुझं पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा मिस्त्रींना वाचायला दिलं, कारण मला कुणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांनी वाचून घडी घातली आणि म्हणाले, "जा, माप घेऊन ये."

मी बुधवारी येतो. तू कामावर जा. वहिनींकडे किल्ली ठेव. मी मारामारी करणार नाही. टेप आणीन.

९ एप्रिल

बाई,

येऊन गेलो, हे तुला वहिनींनी सांगितलंच असेल. सगळं लिहितो.

शपथ मोडली नाही. दारात उभा राहिलोच नाही, तडक आत गेलो.

तुझे बाबा खुर्चीत होते. मला ओळखलं. चेहरा असा झाला की मीच दोन पावलं मागे सरलो. मी काय काय बोलायचं ते बसमधे घोकलं होतं. तोंडातून निघालं, "काका, पलंगाचं माप चुकलंय. परत घ्यायला आलोय." त्यांनी माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं. मग पाय पुढे केला.

गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं. मी म्हटलं, सतरा. त्यांनी मान हलवली. टेपवर बोट ठेवलं. साडेसतरा होते. पाठ टेकवून मोजलं, झोपवून मोजलं, उठताना हात कुठे जातो ते बघितलं. दांडा मी चुकीच्या बाजूला लावला होता, बाई. त्यांची डावी बाजू चालते, आणि मी दांडा उजवीकडे दिला. महिन्याहून जास्त ते उलट्या हातानं वळून उठतायत, आणि तू लिहिलंस, दांडा पक्का आहे. उठवताना त्यांनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. फार वजन नाही राहिलेलं. ज्या माणसावर मी दोन वर्षं मनातल्या मनात ओरडत होतो, तो एवढा हलका असेल असं वाटलं नव्हतं. जाताना त्यांनी आकड्यांचा कागद मागितला, सगळे आकडे एकेक करून बघितले, मग परत दिला. तुझ्यातला तपासनीस कुठून आला ते कळलं.

त्याआधी मी खोलीही मोजली होती, ते आकडेही त्याच कागदावर होते. सवयच आहे. पलंग आणि ओटा यांच्यामधे, जिथे तुझी गुंडाळलेली चटई होती, तिथे दोन फूट तीन इंच आहेत. तिथे कूस कशी बदलतेस? मी बसून बघितलं थोडा वेळ. खुंटीला तुझी ओढणी होती, निळी. मी हात लावला नाही. लावला. खिडकीत तुझा कंगवा, त्यात एक केस. घरभर तुझ्या साबणाचा वास. मला वाटलं, आता जिन्यावर पावलं वाजतील. तू यायला दीड तास होता, मी थांबू शकलो असतो. टेम्पो नव्हता, घाई नव्हती. पण तू आली असतीस तर मी काहीतरी मागितलं असतं, आणि बाबांच्या समोर तुला नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून आलो निघून. पहिल्यांदा कुठून तरी न भांडता निघालो, तर पाय उचलेनात.

तू खरं लिहिलं होतंस. जागा नाही. मी उगाच आशेनं सगळीकडे टेप लावला. कपाटामागे सात इंच. ओट्यापाशी उभं राहिलं तर पलंगावरच्याचे पाय लागतात. दारापाशी अडीच फूट रिकामे दिसतात, पण दार आत उघडतं, ते सगळे खाऊन टाकतं. तिथे मी उभा राहिलो तर तुला घरात येताच येणार नाही. घर दोन फूट मोठं सांगणाऱ्या लोकांना मी हसायचो. आज मला तसं एखादं तरी खोटं माप सापडावं असं वाटलं.

नवा पलंग सहा फूट नऊ. मिस्त्री म्हणाले, यावर नाव घाल माझं. पुढच्या आठवड्यात टेम्पो येईल, जुना त्यातच परत पाठव. तो मी माझ्या खोलीत ठेवीन. मला आखूड आहे. असू दे.

वाट बघतो असं लिहिणार नाही. ते तुला माहीत आहे.

स्टोव्ह

२४ एप्रिल

स्टोव्ह,

पलंग आला. भिंतीला भिंत. मधे पोस्टकार्ड जाणार नाही. बाबा पाय सरळ करून झोपले, आणि मी उशिरापर्यंत त्यांच्या पायांकडेच बघत बसले. खाली भोकं नाहीत. शोधली मी.

त्या बुधवारी घरी आले तर माझी ओढणी दुसऱ्या खुंटीला होती. मी तुला रागवायचं ठरवलं होतं थांबला नाहीस म्हणून. ती ओढणी घेऊन बसले आणि राहून गेलं.

आता ऐक. तू गेल्यापासून बाबांचं दाराशी काहीतरी चाललं होतं. चालता हात पुढे करायचे, मग मागे, मग जोरात पुढे. मला वाटलं बाहेर जायचंय. खुर्ची व्हरांड्यात नेली, तर रागावले. वहिनींना वाटलं वारा लागतो, त्यांनी दार लावलं, तर आणखी रागावले. शेवटी काल मला हाताला धरून नेलं आणि बिजागरीवर बोट ठेवलं. मग पंजा बाहेर ढकलला.

दार बाहेर उघडायचं. व्हरांडा रुंद आहे, कुणाला लागणार नाही. दार बाहेर गेलं की ते अडीच फूट आत राहतात. तू कागद त्यांना दाखवलास तेव्हाच त्यांनी ते हेरलं असणार. जन्मभर ऑफिसात लोकांचे अर्ज परत पाठवले त्यांनी, चूक शोधून. हा पहिलाच, ज्यातून वाट काढून दिली.

मी म्हटलं, "बाबा, अडीच फुटांत बसवायचं काय?"

ते म्हणाले, "खुर्ची." मग बराच वेळ जुळवून म्हणाले, "त्याला."

लग्नाबिग्नाचं मी काही लिहिलेलं नाही, नीट वाच. खुर्ची म्हणजे खुर्ची. संध्याकाळी येऊन बसायचं, चहा प्यायचा, बाबांना भिंतीपाशी उभं करायचं आणि शेवटच्या गाडीच्या आत निघायचं. बाकीचं त्या खुर्चीत बसून बोलू, हळू आवाजात.

रविवारी ये. पटाशी आण, स्क्रू आण, बिजागऱ्या जुन्याच चालतील. घरमालकाला मी विचारलेलं नाही. विचारलं तर तो नाहीच म्हणेल. तू दार उतरवलंस की तो वर येईल आणि ओरडायला लागेल. तेव्हा तू तोंडात स्क्रू धरून काम करत राहायचं. बोलायचं मी.